सरसाचे पातेले आणि एक खोडलेली अट

मी, विशाखा रतन रणपिसे, वय सदुसष्ट, राहणार हडपसर, पुणे, आज रविवारी सकाळी चहा पिऊन, चष्मा पुसून आणि डोक्यावर कोणी उभे नसताना, माझ्या मिळकतीची आणि काही न मिटलेल्या भांडणांची पुढीलप्रमाणे व्यवस्था लावून ठेवत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतरही करणार नाही, कारण एवढे लिहितानाच बोटे दुखतात.

माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर अजून मागच्या महिन्यावरच आहे हेही सांगितले. त्यांनी मुकाट्याने सही केली.

कलम १. माझ्या व्यवसायाबद्दल. कच्च्या मसुद्यात वकील वल्लरी टिळेकर यांनी व्यवसायाच्या रकान्यात 'सेवानिवृत्त शासकीय कर्मचारी' असे घातले होते. मी ते काढायला लावून 'हार्मोनियम दुरुस्ती' असे लिहायला सांगितले. त्या वेळी माझा पुतण्या प्रज्ञेश शेजारी बसला होता. तो म्हणाला, "आत्या, तो तुझा छंद आहे गं. व्यवसाय म्हणजे ज्याची पेन्शन मिळते तो."

छंद! कंटाळा आला की बाजूला ठेवता येतो त्याला छंद म्हणतात. मी सदतीस वर्षे एका शासकीय कार्यालयात जावक विभागात पाकिटांवर शिक्के मारले. त्या नोकरीला मी नावे ठेवणार नाही. तिने आमचे घर उभे केले, माझा धाकटा भाऊ कालकथित धम्मदीप याचे शिक्षण केले, आणि ज्या प्रज्ञेशला आज व्यवसायाची व्याख्या सुचते आहे त्याच्या शाळेचे दप्तरही तिनेच घेतले. पण शिक्के मारताना माझे कान बुधवार पेठेतल्या पेट्यांकडे असायचे. म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर आणि निधनाच्या बातमीत, जिथे जिथे व्यवसाय विचारतील तिथे तिथे, 'हार्मोनियम दुरुस्ती' असेच लिहावे. ज्याला लाज वाटेल त्याने बातमी दुसऱ्याला लिहायला द्यावी.

कलम २. हडपसरचा फ्लॅट आणि बँकेत जे काही असेल ते प्रज्ञेशला. मी लग्न केले नाही, मूल नाही, दुसरा हक्कदार नाही. फ्लॅटबद्दल आमचे भांडण नाही. भांडण बुधवार पेठेतल्या गाळ्याबद्दल आहे. तो आठ बाय दहाचा गाळा प्रज्ञेशला मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या माणसाला भाड्याने द्यायचा आहे, आणि माझ्या मनात तो त्याच्या मुलीला, अक्षताला, द्यायचा आहे. हे एवढे सांगायला मला पुढची सगळी कलमे लिहावी लागत आहेत, कारण 'अमुक गाळा अमुक हिला' एवढेच लिहिले तर प्रज्ञेश म्हणेल की म्हातारी हट्टाला पेटली होती. म्हातारी हट्टाला पेटलेली आहेच, पण कशासाठी ते कळू दे.

कलम ३. एक चिठ्ठी. ती माझ्या कपाटात वरच्या खणात, शाळेच्या दाखल्यांच्या पिशवीत आहे. एकोणीसशे बहात्तर साली मी चौदा वर्षांची होते. ताडीवाला रस्त्यावर आमच्या वस्तीत विहाराची एक पेटी होती आणि जयंती चार दिवसांवर आली असताना तिचा भाता फाटला. हवा राहीना. सगळे हळहळत बसले. मी चपला शिवणाऱ्या शेजारच्या काकांकडून मऊ कातड्याचा तुकडा मागून आणला, सुताराकडून सरसाची वडी आणली, आणि घरच्या स्टोव्हवर आईच्या पातेल्यात सरस शिजवायला ठेवला. ज्यांनी सरस पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जनावराच्या कातड्याहाडांपासून बनवलेला तो डिंक. शिजताना असा घाण वास सुटतो की गल्ली दारे लावून घेते. शब्दकोशात सरस म्हणजे 'उत्तम' असाही अर्थ आहे. कोश लिहिणाऱ्याने तो शिजवलेला दिसत नाही.

मी भाता चिकटवला. पट्ट्या दाबून पाहिल्या. पेटीने श्वास घेतला. आयुष्यभर काय करायचे ते मला त्या मिनिटाला कळले. पुढे अक्षताला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "किती लकी गं तू आजी, इतक्या लवकर कळलं." लकी कसली डोंबलाची! पुढच्याच मिनिटाला बाबा कारखान्यातून आले.

माझे वडील कालकथित रतन रणपिसे लहानपणी गावात त्यांच्या वडिलांबरोबर मेलेली जनावरे ओढायचे. ओढायचे म्हणजे ओढायलाच लागायचे. छप्पन साली त्यांनी ते टाकले. गाव सोडून पुण्याला आले आणि या घरात कातडे येणार नाही असे स्वतःला बजावले. ते दारात थांबले. वास घेतला. आईने मान खाली घातली. बाबांनी फडक्याने पातेले उचलले, बाहेर नेले आणि गटारात पालथे केले. आत येऊन मला म्हणाले, "जे टाकायला मला गाव सोडावं लागलं, ते तू हौसेनं उचलून घरात आणलंस?"

त्यांनी मला मारले नाही. मारले असते तर मी रागावू शकले असते. ते म्हणाले, "लिहून दे." बाबांचा लिहिलेल्या शब्दावर फार विश्वास. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना लिहू दिले नाही त्यांचा असतोच. मी वहीचे पान फाडून लिहिले: 'मी यापुढे कातड्याला आणि सरसाला हात लावणार नाही. मी शिकून नोकरी करीन.' खाली सही, तारीख. हीच ती चिठ्ठी, बाबांनंतर माझ्याकडे आलेली. जयंतीला ती पेटी वाजली. बाबा पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. भाता कुठेही गळला नाही.

चिठ्ठीतले दुसरे वाक्य मी शब्दशः पाळले. पहिले मी मोडले, आणि ते मी येथे दोन साक्षीदारांसमोर कबूल करते.

कलम ४. शनिवार पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानाबद्दल. नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात होईल. एकोणऐंशी साली, नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी, मी हिय्या करून त्या दुकानात गेले. मालक श्रीधरराव गल्ल्यावर होते. मी म्हटले, मला पेटीचे काम शिकायचे आहे, रविवारी येईन, पगार नको.

"आपलं नाव?"

"विशाखा."

"पुढे?"

मी आडनाव सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग छताकडे पाहिले. पुण्यात माणूस छताकडे बघू लागला की समजावे, आता सभ्य भाषेत काहीतरी असभ्य ऐकायला मिळणार. म्हणाले, "असं करा, आपण भात्याचं बघा. कातड्याचं काम आपल्याला जमेल, हातातच असेल ते. सुरांना मात्र हात लावायचा नाही. ते आमच्याकडे घरची माणसं करतात."

घरी बाप म्हणतो कातड्याला हात लावू नको, कारण ते आपल्यावर लादलेले होते. दुकानात हा म्हणतो कातड्यालाच हात लाव, कारण ते तुमच्यावर लादलेले होते. आणि मला कोणी विचारले का, बाई, तुला काय येते? माझा कान चांगला आहे हे त्या दुकानात कोणाच्या कानावरच गेले नाही. मी "बरं" म्हणून बाहेर पडले. ते "बरं" मला आज सेहेचाळीस वर्षांनंतरही घशात टोचते.

आता गंमत ऐका. गेली नऊ वर्षे त्याच दुकानातून सूर बिघडलेल्या अवघड पेट्या मागच्या दाराने माझ्या गाळ्यावर येतात. मी त्या जुळवते, त्या परत जातात, आणि गिऱ्हाइकाला सांगतात, आमच्या घरच्या माणसांनी केलंय. म्हणजे मी घरची झाले म्हणायची! पण अशा प्रत्येक पेटीत, सुरांच्या फळीच्या खालच्या अंगाला, मी शिसपेन्सिलीने माझे पूर्ण नाव लिहून ठेवले आहे. आडनावासकट. श्रीधररावांच्या नातवाला मी माझा चार नंबरचा स्क्रूड्रायव्हर देत आहे. त्याने आजोबांच्या दिवाणखान्यातली पेटी उघडण्यापासून सुरुवात करावी.

कलम ५. कानस, खरवडण्या, चिमटे आणि एक पितळी पट्टी. ही हत्यारे मुळात दशरथ मिस्त्रींची. त्या दिवशी मी शनिवार पेठेतून तशीच चिडून बुधवार पेठेत आले होते आणि स्पीकरच्या दुकानावरच्या जिन्यातून पेटीचा आवाज आला म्हणून वर गेले. मिस्त्रींनी आडनाव विचारले नाही. मी शिकायचे म्हटल्यावर त्यांनी दोन सूर वाजवले आणि विचारले, "यातला कुठला चढा?"

मी म्हटले, "चढा कुठलाच नाही. दोन्ही उतरलेत. दुसरा जास्त."

ते म्हणाले, "रविवारी ये. डबा आण. इथं चहा बरा मिळत नाही."

सूर देणाऱ्या पितळेच्या जिभेचे टोक खरवडले की सूर चढतो, बुडाशी खरवडले की उतरतो, आणि जास्त खरवडले की मिस्त्री तीन रविवार बोलत नाहीत, हे सगळे मी त्यांच्याकडे शिकले. भाता, सूर, दोन्ही. एकोणीसशे एकोणऐंशीपासून मी एकही रविवार चुकवला नाही. घरी सांगायचे, टायपिंगचा क्लास आहे. मग खात्याची परीक्षा आहे. मग कसली कसली शिबिरे आहेत. मिस्त्री गेल्यावर त्यांच्या मुलांकडून मी गाळा रीतसर विकत घेतला, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर पाटी लावली: 'विशाखा रणपिसे. पेटी दुरुस्ती. भाता आणि सूर दोन्ही.' ही हत्यारे अक्षताला द्यावीत. पाटी कुठेही हलवू नये.

कलम ६. एक अहवाल, पाने बावीस, गुळगुळीत कागद. तो ज्यांनी तयार केला त्या समर्थ नावाच्या करिअर सल्लागारांना परत करावा. प्रज्ञेश गेल्या वर्षी अक्षताला त्यांच्याकडे घेऊन गेला आणि मी आगंतुकासारखी बरोबर गेले. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, आवड हेच करिअर. समर्थ सव्वीस वर्षांचे, गळ्यात टाय. अक्षताने संगणकावर दोनशे प्रश्नांची उत्तरे दिली. अहवालात आले: 'कल: संगीत व हस्तकौशल्य, अत्युच्च. शिफारस: छंद म्हणून जोपासावे. करिअर: डेटा.'

मी विचारले, "भिंतीवर एक आणि कागदावर एक, असं कसं?"

ते म्हणाले, "आंटी, पॅशनला स्कोप पण पाहिजे ना."

"तुमची आवड काय?"

"ट्रेकिंग."

"मग इथे एसीत काय करताय?"

प्रज्ञेशने मला रिक्षात बसवून घरी पाठवले. माझा राग त्या पोरावर नाही. माझा राग त्या भिंतीवर आहे. आवडीचे काम निवडा म्हणे! जणू सगळ्यांपुढे ताट वाढलेले आहे आणि आम्ही वेडे म्हणून उपाशी उठलो. आमच्या घरात पहिल्यांदा पगार आणायचा होता, मग आवड. कोणाला कामच जन्माने मिळत होते, कोणाला जन्मामुळे मिळत नव्हते. हे बावीस पानांत कुठे लिहिले आहे? एक ओळ दाखवा.

कलम ७. बुधवार पेठेतला गाळा, त्यातली सर्व सामग्री आणि सरसाचे पातेले अक्षता प्रज्ञेश रणपिसे हिला.

याला प्रज्ञेशचा विरोध आहे आणि तो नुसत्या भाड्यासाठी नाही, हे मी न्यायाने लिहिते. तो मला म्हणाला, "आत्या, आजोबांनी आपल्याला कातड्यातून बाहेर काढलं. पप्पा मरेपर्यंत हेच सांगायचे. आणि तू माझ्या मुलीला परत त्यातच नेतेस." हा आरोप मी हसण्यावारी नेत नाही. तीन दिवस मला जेवण गेले नाही. बाबाच बोलल्यासारखे वाटले.

पण माझे उत्तर असे आहे. बाबांनी कातडे टाकले नाही. त्यांनी जबरदस्ती टाकली. कातडे जबरदस्तीला चिकटून आले होते म्हणून तेही गेले. अक्षतावर जबरदस्ती नाही. ती शनिवारी येते, बाही सारते, नाक मुरडते आणि सरस ढवळते, कारण तिला पेटीचा श्वास ऐकायचा असतो. तिच्याकडे कॉलेज आहे, हडपसरमध्ये नोकरी मिळेल अशी पदवी हातात येणार आहे, नाही म्हणायची मुभा आहे. बाबांनी आयुष्य झिजवून मिळवले ते हेच.

एवढे ठासून लिहिले आणि माझ्याच हाताने त्याखाली अट घातली होती: 'अक्षताने हा गाळा किमान पाच वर्षे स्वतः चालवलाच पाहिजे. न चालवल्यास तो विहाराच्या संस्थेस जाईल.' मला वाटले, कोणी तिला ओढून नेऊ नये म्हणून कुंपण घालते आहे. परवा मसुदा तिला वाचायला दिला. तिने चिठ्ठीची गोष्ट माझ्याच तोंडून ऐकलेली. अट वाचून ती म्हणाली, "आजी, मला अजून माहीत नाही गं, मी हे करीन की नाही. आवडतं मला. पण हे तर तू माझ्याकडून लिहून घेतेस."

मला कोणी थोबाडीत मारली असती तर कमी लागले असते.

सबब, वरील अट मी खोडली आहे आणि बाजूला सही केली आहे. वल्लरीबाई म्हणाल्या, नव्या कागदावर स्वच्छ लिहून काढू. मी नाही म्हटले. खोडलेले दिसले पाहिजे. अक्षताने गाळा चालवावा, बंद ठेवावा किंवा कव्हरवाल्याला भाड्याने द्यावा. ठरवायचे तिने. तिच्या बापाने नाही आणि मी तर नाहीच. कलम ५ मधले पाटीबद्दलचे वाक्यही रद्द समजावे. ते लिहिताना मी रागात होते. अजूनही आहे, पण रद्द.

कलम ८. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात. प्रज्ञेशच्या सोसायटीतले लोक 'आत्म्यास शांती लाभो' असे मेसेज टाकतील. त्यांना कळवावे की आम्ही आत्मा मानत नाही आणि असता तरी माझा शांत बसला नसता. भाषणे नकोत. कोणाला वाजवता येत असेल तर विहाराची पेटी वाजवावी. ती सुरात आहे, मी दर वर्षी बघते.

कलम ९. तांब्याचा बंब प्रज्ञेशला. हे शेवटचे कलम आणि याला मात्र अट आहे.

हा बंब बाबांनी कारखान्याच्या पहिल्या बोनसमधून घेतला. सरसाचा वास हातापायांना धरतो, गार पाण्याने जात नाही, कढत पाणी लागते. एकोणऐंशीपासून मी रविवारी संध्याकाळी बुधवार पेठेतून घरी यायचे तेव्हा न्हाणीत बादलीभर कढत पाणी काढलेले असायचे. मला वाटायचे, आई ठेवते. अठ्ठ्याण्णव साली बाबा गेले. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी घरी आले, न्हाणीत गेले, तर बादली कोरडी. मी आईला विचारले, "आज पाणी नाही तापवलं?"

आई म्हणाली, "मी कधी तापवत होते? ते त्यांचं काम होतं."

एकोणीस वर्षे. टायपिंगच्या क्लासहून येणाऱ्या मुलीला कढत पाणी कशाला लागते, हे त्यांनी मला एकदाही विचारले नाही, आणि माझी चिठ्ठी एकदाही पुढे केली नाही. मी कोरड्या बादलीशेजारी बसून रडले. मला त्यांचा राग येतो, अजूनही येतो, की एकदा तोंडाने बोलले असते तर काय बिघडले असते. पण आता प्रज्ञेशला सांगते ते नीट ऐकावे.

तुझ्याकडे गिझर आहे हे मला माहीत आहे. तरी बंब घे. अक्षता कधी बुधवार पेठेतून घरी आली आणि तिच्या हातांना वास आला, तर पाणी कढत काढून ठेव. तिला काही विचारू नकोस. आणि वास नाही आला, ती ऑफिसातून आली, तरी ठेव.

ही अट मी खोडणार नाही.

अंमलबजावणी वकील वल्लरी टिळेकर यांनी करावी. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारला.

सही: विशाखा रतन रणपिसे, पेटी दुरुस्ती

बाईंनी आमच्या दोघांच्या समोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:

१. वल्लरी टिळेकर, वकील, शनिवार पेठ

२. बद्रीनाथ ससाणे, गाळ्याखालचे स्पीकरचे दुकान, बुधवार पेठ. (खोडलेली अट मी पाहिली. बाईंनी ती स्वतःच्या हाताने खोडली.)

ठिकाण: बुधवार पेठ, पुणे
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५, रविवार